दोन्ही बाजूंनी चावी

बातमी लागली तेव्हा कुलूपवाला एका बाईंच्या कपाटाची चावी घासत होता. ती बातमी बघून त्याच्या मनात सगळ्यात आधी जे आलं, ते त्याने पुढे एका बायकोखेरीज कुणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते, काय सांगणार!

दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी दाबून बसवलेली टपरी ती. आत तो, चावी कापायचं मशीन आणि भिंतभर कोऱ्या चाव्या. गिऱ्हाईक आत आलं तर याला बाहेर उभं राहावं लागायचं. समोर न्हाव्याचं दुकान होतं आणि न्हाव्याचा टीव्ही सकाळी जो सुरू व्हायचा तो शटर पडेपर्यंत बोलत राहायचा. जगात कुठे काय चाललंय ते कुलूपवाल्याला तिथून कळायचं. पूर आला, विमान पडलं, कुठे लढाई पेटली. तो ऐकायचा, च् च् करायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. आपण सगळेच करतो तसं.

त्या शुक्रवारी दुपारी न्हाव्याने टीव्हीचा आवाज वाढवला. कुठल्यातरी लांबच्या देशातली बातमी होती, गावाचं नाव बातम्या देणाऱ्या मुलीलासुद्धा धड उच्चारता येत नव्हतं. एका शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांचा कार्यक्रम चालला होता. पडद्याने पेट घेतला. पुढच्या दाराने काही जण निसटले. मागचं दार बंद होतं. छत्तीस मुलं गेली.

न्हाव्याचा हात वस्तऱ्यासकट थांबला. "अरे देवा," तो म्हणाला, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने गालावरचा साबण तसाच ठेवून मान वळवली.

मग त्यांनी ते दार दाखवलं. काळं पडलेलं, खालून अर्धं खाऊन टाकल्यासारखं, एका अंगाला वाकलेलं. आणि त्याच्या कडेला कुलूप. कुलूपवाल्याने मशीन बंद केलं, डोळे बारीक केले आणि त्याच्या मनात आलं: वा, काय कुलूप आहे! दार गेलं, पण हे जागचं हललं नाही!

आलं खरं मनात. वीस वर्षं माणूस कुलपांत तोंड घालून बसला की दुसरं काय येणार? पण लगेच त्याला तो प्रकार ओळखू आला. दोन्ही बाजूंनी चावी लागणारं कुलूप होतं ते. बाहेरून उघडायचं तरी चावी, आतून उघडायचं तरी चावी. तसलंच एक त्याने स्वतःच्या हाताने बसवलं होतं, आठ महिन्यांपूर्वी, चिमीच्या बालवाडीच्या हॉलला. मागच्याच दाराला.

आणि उद्या सकाळी दहा वाजता त्याच हॉलमध्ये बालवाडीचा कार्यक्रम होता. साठ पोरं. त्यातल्या बेडकांच्या रांगेत डावीकडून दुसरी त्याची चिमी.

"अहो, माझी चावी?" टपरीसमोरच्या बाई म्हणाल्या.

त्याने चावी त्यांच्या हातावर ठेवली. ती चुकीची कापली गेलीय हे त्यांना घरी गेल्यावर कळलं असेल.

चिमी म्हणजे त्याची एकुलती एक, साडेचार वर्षांची. लग्नानंतर नऊ वर्षं वाट बघायला लावून आलेली, त्यामुळे तिचं सगळंच त्या घरात मोठं. पहिला दात दिसला त्या दिवशी याने टपरी बंद ठेवली. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा अख्ख्या बोळाला चहा पाजला. बालवाडीत जायच्या पहिल्या दिवशी तर याची स्वारी हवेतच होती, आणि नेमकं त्याच दिवशी मोठ्या बाईंनी त्याला गाठून विचारलं, "तुम्ही कुलपांचं काम करता ना? मग आमचं एवढं करून द्या." आदल्या आठवड्यात एक पोरगं हॉलच्या मागच्या दाराची कडी काढून थेट रस्त्यावर गेलं होतं. टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचलं. "मुलांना उघडता येणार नाही असं काहीतरी बसवा," बाई म्हणाल्या.

आता ऐका. मोठ्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर एक साधा बोल्ट लावला असता तरी भागलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण चिमीची शाळा ती! तिला काय साधा बोल्ट लावायचा? याने दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं. बसवल्यावर स्क्रूची डोकी घासून गुळगुळीत केली, कुणी खोलू नये म्हणून. बाहेरच्या बिजागऱ्यांच्या खिळ्यांची तोंडं ठोकून चपटी केली, कुणी उचकटू नये म्हणून. आणि वर छाती फुगवून बाईंना सांगितलं, "हत्ती आला तरी उघडणार नाही!"

त्याच्या वडिलांनी धंदा शिकवताना त्याला एक शिस्त लावली होती. कुठेही कुलूप बसवलं की रिकाम्या हाताने आत जायचं, बाहेरून बंद करायला सांगायचं आणि आतून बाहेर येऊन दाखवायचं. तोवर हत्यारं पिशवीत भरायची नाहीत. त्या दिवशी चिमी पहिल्यांदाच वर्गात बसली होती आणि तिने भोकाड पसरलं होतं. तिला खिडकीतून बघायला हा पळाला आणि ते राहून गेलं. खरं सांगायचं तर हल्ली ते बऱ्याचदा राहून जायचं.

त्याने टपरी बंद केली आणि तडक शाळा गाठली.

शाळा सुटून गेली होती. हॉलमध्ये मांडववाल्याची दोन माणसं शिडीवर चढून लाल पडदे टांगत होती. स्टेजच्या मागे छतापासून जमिनीपर्यंत निळं कापड सोडलं होतं, त्यावर कागदाची कमळं. त्या कापडाच्या मागे मागचं दार. कुलूपवाल्याने कापड बाजूला केलं आणि दाराला खांदा लावून जोर दिला. दाराने साधा आवाजसुद्धा केला नाही. झकास काम केलं होतं लेकाने.

"काय पाहिजे हो?" शिपाई मावशी झाडू घेऊन मागे उभ्या.

"चावी कुठाय याची?"

"मोठ्या बाईंना माहीत. त्या गेल्या. आता उद्या नऊला."

त्याने फोन लावला. तिसऱ्या वेळी बाईंनी उचलला.

"कुलूपवाले, मला आत्ता श्वास घ्यायला फुरसत नाही. उद्या कार्यक्रम झाला की बोलू."

"बाई, ती बातमी बघितलीत का..."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बघितली. कृपा करून आज तसलं काही बोलू नका हो. पोरांचा पहिलाच कार्यक्रम आहे." आणि फोन ठेवला.

घरी आला तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत बेडकाचा धुमाकूळ चालला होता. बायकोने स्वतःच्या जुन्या हिरव्या रेनकोटाचा अंगरखा शिवला होता, टोपीवर टेबल टेनिसचे दोन चेंडू डोळे म्हणून चिकटवले होते. चिमी पलंगापासून दारापर्यंत तीन उड्या मारायची आणि शेवटी "डरांव!" करायची. खालच्या मजल्यावरच्या आजी अधूनमधून झाडूच्या दांड्याने छत वाजवत होत्या. त्यावर चिमी आणखी जोरात उडी मारत होती.

"बाबा, बघ! एक... दोन... तीन... डरांव!"

"शाब्बास," तो म्हणाला. पण त्याला ते हिरवं कापड दिसत होतं. रेनकोटाचं. रेनकोट पेटायला किती वेळ लागतो?

आणि राहून राहून त्याला तो दुसरा माणूस दिसत होता. त्या लांबच्या गावातला. त्या दाराचं कुलूपही कुणीतरी बसवलंच असेल ना, आकाशातून थोडंच पडलं? त्याचीही एखादी टपरी असेल. काम झाल्यावर त्यानेही त्याच्या भाषेत हत्तीबित्ती काहीतरी म्हटलं असेल. आज तो काय करत असेल? दार लावून बसला असेल? त्याच्या घरात कुणी बोलत असेल का त्याच्याशी? की त्याचीच पोर त्या छत्तिसांत होती? इथपर्यंत आला की त्याचा विचार पुढे सरकायलाच तयार होईना.

जेवताना तो बायकोला म्हणाला, "हिचं अंग जरा गरम लागतंय का बघ. उद्या नको पाठवूया."

बायकोने चिमीच्या कपाळाला हात लावला. मग त्याच्या कपाळाला लावला. "हिचं ठीक आहे. तुमचंच काहीतरी बिघडलंय. दुपारपासून बघतेय, बोलावं तर दचकताय. काय असेल ते एकदा बोलून मोकळे व्हा बघू."

चिमी हात धुवायला गेली तेव्हा त्याने सांगितलं. बातमी, दार, कुलूप. "वा, काय कुलूप आहे" हेसुद्धा सांगितलं, मान खाली घालून. बायको भांडी उचलता उचलता खालीच बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे हिला घरी ठेवायचं म्हणताय," ती म्हणाली.

"एक दिवस. काय बिघडतं?"

"आणि बाकीची एकोणसाठ?"

त्याने खाली सांडलेली शितं वेचायला घेतली.

"बोला की! आपली तेवढी बाजूला काढून ठेवायची आणि दुसऱ्यांची जाऊ द्यायची त्याच दाराआड? त्यांच्या आयांना काय सांगणार, आमच्या बेडकाला ताप होता?"

"अगं, काही होईलच असं थोडंच आहे? रोज कुठे आगी लागतात?"

"मग पाठवा की हिलाही." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नाही ना धीर होत? मग सकाळी जा आणि ते काढून या. तुमचंच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी साडेसातला तो पिशवी घेऊन हॉलच्या पायरीवर हजर. पिशवीत एक साधा लांब बोल्ट होता, वर लावायचा. शिपाई मावशींनी त्याला आत घेतलं, पण दाराला हात लावू देईनात. "बाईंनी सांगितल्याशिवाय नाही. माझी नोकरी जायची." तो स्टेजच्या कडेला बसून राहिला. मांडववाल्यांनी दिवे लावून बघितले. मोठे, रंगीत कागद चिकटवलेले दिवे. पडद्यापासून वीतभर अंतरावर. त्याने उठून एक दिवा थोडा लांब सरकवला. मांडववाल्याने येऊन तो पुन्हा होता तिथे आणला. असं दोनदा झालं.

नऊ वाजता मोठ्या बाई आल्या. हातात कागदी फुलांच्या पिशव्या, मागे दोन शिक्षिका, त्यांच्यामागे आयाबापांची पहिली फळी. कुलूपवाल्याने वाट अडवली आणि एका दमात सगळं सांगितलं.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "आज साठ मुलं स्टेजच्या मागे बसणार. ते दार उघडं राहिलं तर एक तरी रस्त्यावर जाणारच. त्या दिवशी त्या पोराला टेम्पोच्या चाकापुढून मी उचललंय, कुलूपवाले. अजून तो ब्रेक माझ्या कानात वाजतो. तुम्हाला काय कळणार?"

त्यांचा आवाज कापत होता. कुलूपवाल्याला आत्ता कुठे उमगलं की भीती त्यांच्याही पोटात आहे. फक्त ती दाराच्या पलीकडची होती.

"बाई, पोरांना उघडता येणार नाहीच. मी वर बोल्ट लावतो. तुमचा हात पोचेल, त्यांचा नाही. पण हे काढू द्या."

"तुम्हीच तर म्हणाला होतात, हे सगळ्यात सुरक्षित! हत्ती आला तरी उघडणार नाही म्हणून!"

आजूबाजूचे लोक थांबून ऐकायला लागले. त्यात त्याची दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"चोरापासून सुरक्षित," तो म्हणाला. "चोरापासून, बाई. तुम्ही मागितलं होतं ते वेगळं. मी दिलं ते वेगळं. माझी पोर इथे येणार म्हणून दुकानातलं सगळ्यात भारी आणून ठोकलं आणि अक्कल गहाण टाकली. चूक माझी आहे. आज ते दार आतून चावीशिवाय कुणालाच उघडता येणार नाही. तुम्हालाही नाही."

एका आईने आपल्या पोराचा हात धरून त्याला जवळ ओढलं.

"चावी आणा," बाई मावशींना म्हणाल्या. "ऑफिसात, खिळ्याला."

कुलपाबरोबर तीन चाव्या दिल्या होत्या. बाईंनी तिन्ही एकाच कड्यात अडकवून एकाच खिळ्याला टांगल्या होत्या, म्हणजे हरवायच्या तर तिन्ही एकदम हरवाव्यात. आणि मुलांची तोंडं रंगवायला जागा हवी म्हणून काल ऑफिस रिकामं केलं, तेव्हा भिंतीवरचं सगळं काढून कुठल्यातरी खोक्यात टाकलं होतं. आता ते खोकं कुणाच्याच लक्षात नव्हतं. मावशी, दोन शिक्षिका आणि शेवटी पदर खोचून स्वतः मोठ्या बाई, सगळ्यांनी सापडेल ते खोकं उलटंपालटं केलं. पावणेदहा झाले. हॉल भरत आला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मधल्या वाटेतही मांडल्या. पुढच्या दारात पाहुण्यांच्या चहाचं टेबल लावलं होतं, अर्धं दार त्यानेच अडलं होतं.

बाई परत आल्या त्या रिकाम्या हाताने.

"थोडं उशिरा सुरू करा," तो म्हणाला.

"पंधरा मिनिटं. त्यापुढे पोरं आवरायची नाहीत." मग त्या वळल्या आणि एकदम ओरडल्या, "ते टेबल आधी हटवा! मधल्या खुर्च्या उचला! मावशी, दोन बादल्या पाणी आणून इथे ठेवा!" आयाबापांना वाटलं, बाईंना आज झालंय तरी काय.

कुलूपवाला निळ्या कापडामागे गुडघ्यावर बसला. ड्रिल मारावं तर वीज सगळी दिव्यांना दिलेली. बाहेरच्या बाजूने जाऊन बिजागऱ्या काढाव्यात तर त्यांची तोंडं यानेच चेचलेली. स्क्रू खोलावेत तर त्यांची डोकी यानेच घासलेली. ज्या ज्या वाटेने जावं तिथे हाच महाशय आठ महिन्यांपूर्वी हसत उभा! उरली ती तार. त्याने टॉर्च दातांत धरला, दोन तारा कुलपात घातल्या आणि डोळे मिटले. कुलपाच्या आत सहा खुंट्या. एकेक करून वर बसवायची, आणि सहावी बसेपर्यंत पहिली पाच पडू द्यायची नाहीत.

लोकांची दारं त्याने वीस वर्षं उघडली होती. बाथरूममध्ये अडकलेली पोरं, बेशुद्ध पडलेले म्हातारे. आज एकही खुंटी जागेवर राहीना.

"बाबा!"

डोळे उघडले तर समोर बेडूक. मागे सात-आठ बेडूक, दोन ढग आणि एक रडणारं सूर्यफूल.

"बाबा, तू इकडे काय करतोस? तू समोर बस ना! आईशेजारी!"

त्याने टॉर्च तोंडातून काढला. "आलोच हं, चिमे. तू हो पुढे."

"नक्की?"

"नक्की."

खोटं बोलला, आणि तिला ते कळलं असावं, कारण ती वळून वळून बघत गेली. हा एक दिवस बघायला मिळावा म्हणून काय काय केलं होतं, आणि तो कापडाच्या चुकीच्या बाजूला बसला होता.

गाणं सुरू झालं. पलीकडे टाळ्या. तीन खुंट्या बसल्या होत्या. चौथी लावताना हात घसरला आणि तिन्ही खाली पडल्या. त्याने पँटला तळवे पुसले आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

तेवढ्यात त्याला वास आला. जळका वास.

तो ओरडणारच होता. पण ओरडलं तर? दीडशे माणसं एका दाराकडे धावतील, आणि पोरं त्यांच्या पायांखाली. त्याने कापडाची कड सारून बघितलं. वरच्या दिव्याचा लाल कागद आकसून काळा पडत होता, त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. मांडववाला खाली उभा राहून निवांत बघत होता.

"विझव तो!" कुलूपवाला दबक्या आवाजात म्हणाला.

"अहो, नवीन कागद आहे. असाच वास येतो त्याला."

"विझव म्हणतो ना!"

त्याच्या तोंडाकडे बघून मांडववाल्याने मुकाट्याने दिवा बंद केला. स्टेजवर अर्धा अंधार झाला. पलीकडे कुणाला काही कळलं नाही. कुलूपवाला पुन्हा बसला. आता त्याला घाम येत नव्हता, थंडी वाजत होती. एक बसली. दोन. तीन.

"आता येत आहेत आपले बेडूक!" माइकवर बाईंचा आवाज. उसना आनंद होता त्यात, त्याला ऐकू येत होतं.

चार. पाच. स्टेजच्या फळ्या हादरल्या. धप्प. धप्प. धप्प. मग एक क्षण शांतता, आणि अख्खा हॉल खदखदून हसला. काय झालं? पडली का? त्याने मान वळवली नाही. सहावी खुंटी तारेच्या टोकावर होती, आणि त्याला वाटलं, आपण आत्ता श्वास घेतला तरी सगळं पडेल.

खट्.

दार उघडलं. एवढं सहज उघडलं की तो उंबऱ्याबाहेर तोंडावर पडता पडता वाचला. बाहेर गल्ली होती, ऊन होतं, कुणीतरी सायकल घेऊन चाललं होतं. त्याने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि तिथेच बसून रडला. आवाज न करता, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत रडला. मग नाक पुसून उठला आणि वर बोल्ट लावला. पाच मिनिटांचं काम.

पुढे काहीच झालं नाही. ढग आले, सूर्यफूल शेवटपर्यंत रडलं, पाहुण्यांनी लांबलचक भाषण ठोकलं. बाई मागे आल्या, हात वर करून तो बोल्ट सरकवून बघितला, परत सरकवला. तीनदा. "पोचतो," त्या म्हणाल्या, आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

शाळेच्या फाटकापाशी चिमी त्याच्या अंगावर धावून आली. "बाबा, मी चार मारल्या! सगळ्यांनी तीन मारल्या, मी चार! तू बघितलंस?"

"ऐकल्या मी. पण मला तीनच ऐकू आल्या."

"चौथी हळू होती," चिमी म्हणाली. "कारण मला तू दिसला नाहीस, मग मी शोधत शोधत मारली."

त्याने तिला उचललं, टोपीचे चेंडू त्याच्या हनुवटीला लागले. अंग इतकं हलकं वाटत होतं की त्याला हसूच आवरेना. बायकोकडे बघून तो हसला. ती हसत नव्हती.

"हे कुलूप आणखी कुठे बसवलंत हो?"

"कुठलं?"

"हेच. दोन्ही बाजूंनी चावीवालं."

"बसवलीयत की. सोनाराकडे आहे, त्या निवृत्त साहेबांच्या फ्लॅटला आहे..." तो बोलता बोलता थांबला.

"आणि?"

"पलीकडच्या गल्लीत शिलाईचा कारखाना आहे ना. तिसऱ्या मजल्यावर." त्याने चिमीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "बायका सारख्या उठून खाली जातात म्हणून मालकाला पाहिजे होतं."

"किती बायका?"

"चाळीसेक."

"आणि चावी?"

काल दुपारपासून त्याच्या डोळ्यांपुढे एकच दार होतं, कारण त्या दाराआड त्याची पोर होती. त्या चाळीस बायकांची त्याला एकदाही, चुकूनसुद्धा आठवण झाली नव्हती. लाजेने त्याचं तोंड कडू झालं, आणि लाजेच्या पाठोपाठ कालचीच भीती पुन्हा वर आली. शनिवारी कारखाना चालू असतो.

बायकोने चिमीला त्याच्या कडेवरून घेतलं. "आम्ही जातो चालत. तुम्ही जा," ती म्हणाली.

जिना अरुंद होता आणि प्रत्येक वळणावर कापडाचे गठ्ठे रचलेले होते. तो अंग चोरत वर चढला. दाराआड मशिनी एकसुरात घरघरत होत्या, गरम इस्त्रीचा वास फटीतून येत होता. कुलूप त्याच्याकडे बघत होतं, चकचकीत. त्याने दार ठोठावलं. मशिनी एकेक करत बंद पडल्या.

"कोण आहे?" आतून एका बाईने विचारलं.

"दार उघडता का जरा?"

"आम्हाला नाही उघडता येत. चावी मालकाकडे असते. ते जेवायला गेलेत, तीनला येतील. काय काम होतं?"

त्याने पिशवी खाली ठेवली, तारा काढल्या.

"हे कुलूप मी बसवलंय, ताई," तो म्हणाला. "काढायला आलोय."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तीच बाई अगदी दाराजवळ येऊन म्हणाली, "दोन वर्षं झाली हो त्याला."